आधी वर बघा, मग पंख्याकडे



चैत्र-वैशाखात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. गडीमाणसं पारावर, झाडाखाली जाऊन बसतात. पण पंधरा दिवसांची बाळंतीण कुठं जाणार? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई कुठं जाणार? म्हणून आज घर गार कसं ठेवायचं, ते बोलू.

आपल्या आजीच्या घराला माळवद होतं. मातीचा जाड थर असायचा. ऊन त्यातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. गळतं म्हणून आपण ते काढलं आणि पत्रे टाकले. पत्रा पातळ. तो लगेच तापतो आणि सगळी धग खाली सोडतो. पंखा ती धग फिरवतो, कमी करत नाही. म्हणून ऊन वरच अडवायचं.

पहिलं काम चुन्याचं. पांढरं छप्पर ऊन परतवून लावतं. विरवलेला चुना गाळून घ्या, थोडा डिंक घाला आणि दोन हात द्या. भिंतीच्या चुन्यात आपण मीठ घालतो, ते इथं नको, पत्रा गंजतो. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, म्हणून आडवी फळी टाकूनच वर जा, तेही सकाळी आणि खाली कुणी उभं असताना. पावसात चुना धुऊन जातो. होळी झाली की दरवर्षी पुन्हा द्यायचा.

दुसरं, पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना वाट ठेवा. चुलीच्या वर मात्र तट्ट्या नकोत.

तिसरं, दुपारी खिडक्या लावा, मावळतीच्या बाजूला बाहेरून गोणपाट सोडा. रात्री सगळं उघडा. कूलर चालू असेल तेव्हा मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडून जीव घाबरतो.

पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी मागा. साधा पंखा साधारण ७५ वॉटचा, हा ३० वॉटच्या आसपास. वीजबिलात फरक दिसतो.

एवढं करूनही बाळ मलूल झालं, दूध ओढेना, अंग तापलं, तर वाट बघू नका. सावलीत न्या आणि लगेच दवाखाना गाठा.

सगळं छप्पर एकदम झालं नाही तरी चालेल. बाळंतिणीच्या खोलीपासून सुरुवात करा.