गप्प बसणारी मुलगी



वर्गात सारखं उठणारं मूल लगेच नजरेत भरतं.
पण खिडकीशी गप्प बसलेल्या मुलीचं काय?

तिची पेन्सिल रोज हरवते.
गणित येतं, पण अर्ध्यावर सुटतं.
हाक मारली, तरी लक्ष नसतं.
आपण तिला ‘वेंधळी’ म्हणून मोकळे होतो!

हाही एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असू शकतो.
मुलींमध्ये तो बऱ्याचदा असाच नजरेआड राहतो.

मात्र, एका दिवसाचा विसरभोळेपणा म्हणजे एडीएचडी नव्हे.
घरी आणि शाळेत, दोन्हीकडे असं होतंय का?
निदान ६ महिने चाललंय का?

मग आधी कान-डोळे तपासून घ्या.
एडीएचडी रक्ततपासणीत दिसत नाही.
डॉक्टर पालकांना आणि शिक्षकांना विचारूनच निदान करतात.
म्हणून पुन्हा सांगते,
घरी आणि शाळेत, दोन्हीकडे पाहा.

बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना शाळेच्या वह्या बरोबर न्या.