खाणीतला रस्ता आणि पावसाचे पाणी



डहाणूच्या व्यासपीठावर कोळशाच्या खाणीचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या वीजकेंद्राचे 250 मेगावॉटचे दोन संच उभे राहिले ते कोळशाच्या जिवावर. त्या केंद्राच्या धुराविषयी या तालुक्याने पुष्कळ भांडण केले. 1991 ची पर्यावरण अधिसूचना आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली 1996 साली नेमलेले प्राधिकरण ही नावे येथे पोरासोरांनाही ठाऊक आहेत. कोळसा जेथून निघतो तेथील पाण्याचे काय होते, हे मात्र आपण फारसे विचारले नाही.

चंद्रपूर आणि वणीकडील उघड्या खाणी आम्ही पाहिल्या आहेत. वरची माती आणि दगड उचलून बाजूला डोंगराएवढा ढीग घालतात आणि मग खाली कोळसा लागतो. त्या खड्ड्यात उतरणारा जो रस्ता, त्याला तेथे हॉल रोड म्हणतात. साठ-साठ, शंभर-शंभर टनांचे डंपर त्यावरून रात्रंदिवस जातात. हा रस्ता काळ्या मातीच्या मुलखातला. उन्हात भेगाळणारी आणि पाण्याने फुगणारी ती माती नीट उपसून काढून टणक दगड-मुरूम दाबला नाही, तर पहिल्या सरीतच चाकोऱ्या पडतात.

पाणी किती येते याचा हिशेब सोपा आहे. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर 10 लाख लिटर पाणी पडते. शंभर हेक्टरांच्या खाणीत 10 कोटी! चिकूच्या बुंध्याशी पाणी तुंबू नये म्हणून आपले वाडीवाले चर काढतात. खाणीचे शास्त्र त्याहून फार निराळे नाही. खड्ड्याच्या आणि ढिगाच्या भोवती चर खणून बाहेरचे पाणी बाहेरच वळवायचे. रस्ता मधोमध उंच ठेवून दोन्ही कडांना गटारे काढायची. उरलेले पाणी तळाच्या डबक्यात गोळा करून पंपाने उपसायचे आणि गाळ खाली बसल्यावरच नाल्यात सोडायचे. बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ असू नये, असे मानक आहे. ते पाळले नाही, तर तो काळा गाळ खालच्या गावच्या शेतात आणि विहिरीत जातो.

रस्त्याचा चढ सोळाला एकाहून तीव्र नसावा आणि कडेचा बांध मोठ्या डंपरच्या चाकाएवढा उंच असावा, हेही ठरलेले आहे. पण चर बुजली की पाणी याच बांधाच्या पायात मुरते, आणि मग बांध दिसतो उभा, असतो पोकळ. उन्हाळ्यात धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारतात. तेही बेताने हवे. चढावर एका ठिकाणी जास्त पडले की ब्रेक लावणारा ड्रायव्हर घसरलाच. धूळ बसवण्याच्या भरात हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

साहेब म्हणतात, चांगला रस्ता परवडत नाही. आमचे म्हणणे उलटे आहे: वाईट रस्ता टायर खातो, डिझेल खातो आणि शेवटी माणूस खातो. एका खाणीत आम्ही चरीची तक्रार सांगितली, तर उत्तर मिळाले, 'पाऊस पडू द्या, मग बघू.' त्यात ठेकेदार पैसे मोजतो खेपांवर. खेप चुकली की मजुरी बुडाली. मग पाण्याने भरलेल्या खड्ड्याजवळ गाडी हळू कोण घेईल?

29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडमधील लालमाटियाच्या उघड्या खाणीत दगडमातीचा कडा कोसळला आणि 23 कामगार दगावले. ते दिवस पावसाचे नव्हते. मेलेले लोक ठेकेदाराचे होते. कायम कामगाराला निदान युनियन विचारते. ठेकेदाराच्या माणसाला कोण विचारतो?

खाणीच्या नियमांत सुरक्षा समिती आली, कामगारांमधून निरीक्षक नेमण्याची तरतूदही आली. हा निरीक्षक चर स्वतः चालून पाहू शकतो, दोष वहीत लिहू शकतो आणि त्याखाली व्यवस्थापकाचे उत्तर मागू शकतो. तेव्हा त्या वहीत ठेकेदाराच्या ड्रायव्हरचे म्हणणेही लिहिले गेले पाहिजे, कारण रस्ता कुठे खचतो हे त्याच्या पाठीच्या कण्याला आधी कळते. आणि ते मृग लागण्याच्या आत, चरीतला गाळ कोरडा असताना लिहिले गेले पाहिजे.