शिडाच्या जहाजावरचा सालदार

(वरूड येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राने मला थट्टेने विचारले, ‘‘सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहून तुम्ही समुद्रावर काय बोलणार?’’ प्रश्न रास्त आहे. वरूडची ओळख संत्र्याची, समुद्राची नव्हे. परंतु वऱ्हाडच्या काळ्या मातीचे समुद्राशी नाते आहे आणि ते कापसाने जोडलेले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. येथला कापूस मुंबईस जाई आणि तेथे त्याच्या गाठी शिडाच्या जहाजांत चढत. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तोपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे व प्रवासास तीन-चार महिने लागत.

कापूस पिकविणाऱ्याचा इतिहास आपण थोडाफार जाणतो, विकत घेणाऱ्याचाही जाणतो. पण या दोघांमधले ते तीन-चार महिने ज्याने वादळवाऱ्यात डोलकाठीवर चढून शिडे आवळली, त्या खलाशाच्या हाती महिन्याकाठी काय पडत होते, हे आपण कधी विचारले नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

सारंग आणि त्याची माणसे

इंग्रजी दप्तरांत या खलाशाला ‘लस्कर’ म्हटले आहे. तो कोकणातला असे, काठेवाडचा, मलबारचा वा बंगालचा असे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच त्यांत होते. मुंबईच्या जहाजांना रत्नागिरीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविली. त्यांचा म्होरक्या तो सारंग, त्याखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, सामानाची कोठी सांभाळणारा कासब, स्वयंपाकाला भंडारी. या मंडळींशी बोलता यावे म्हणून थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याला १८११ साली कलकत्त्यात जहाजी हिंदुस्थानीचा कोश छापावा लागला. हुकूम इंग्रजाचा, पण भाषा आपल्या खलाशांची, अशी ती स्थिती होती.

जहाजेही अनेकदा आपलीच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. लाकूड आपले, कारागीर आपले, खलाशी आपले. मग मोल कमी का?

युरोपीय खलाशाच्या वेतनाचा तिसरा ते पाचवा हिस्सा भारतीयाला मिळे, कधी त्याहूनही कमी. जहाजमालक सांगत की हा माणूस दुबळा आहे, थंडीत टिकत नाही, एका गोऱ्याच्या जागी दोन घ्यावे लागतात. परंतु वेतन ठरत होते ते अंगबळावर नव्हे, तर करारावर. तो करार कसा होता, हे वऱ्हाडातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे सालदार आहे, मुकादम आहे आणि उचल आहे. शिडाच्या जहाजावर हेच तिन्ही होते.

कप्तान एकेका खलाशाला ओळखत नसे. तो सारंगाशी बोले आणि सारंग आपल्या गावची, नात्यागोत्याची टोळी उभी करी. बंदरावर त्याच्याही वर घाटसारंग नावाचा दलाल बसलेला असे. खलाशाला काही महिन्यांचे वेतन उचल म्हणून मिळे, पण जहाज सुटण्यापूर्वीच ती खानावळवाल्याच्या, सावकाराच्या आणि दस्तुरी घेणाऱ्याच्या हाती गेलेली असे. म्हणजे प्रवासाचे पहिले महिने तो जुने देणे फेडण्यासाठीच राबे. उरलेला हिशोब परतल्यावर, तोही सारंगासमक्ष. तक्रार केली तर पुढच्या टोळीत नाव नाही!

कायद्याची गाठ

मुकादमाची गाठ कदाचित सुटली असती. तिच्यावर कायद्याची गाठ बसली म्हणून ती सुटली नाही. इंग्लंडच्या नौकानयन कायद्यानुसार ब्रिटिश जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असावे लागत. युद्धकाळात गोऱ्या खलाशांची भरती आरमारात होई, तेव्हा या नियमाला सवलत मिळे. पण भारतीय खलाशांनी जहाज लंडनला पोहोचविले की परतीच्या फेरीसाठी त्यांना जागा नसे. मग ते वेतनाविना, अपुऱ्या कपड्यांत लंडनच्या हिवाळ्यात पडून राहत. १७८६ साली लंडनमध्ये निराधार कृष्णवर्णीयांसाठी मदत समिती निघाली, तिचा आरंभ या खलाशांची दैना पाहूनच झाला होता.

१८२३ च्या कायद्याने स्पष्टच लिहिले की, ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात जन्मलेला असला तरी लस्कर हा ब्रिटिश खलाशी मानला जाणार नाही. प्रजा म्हणून कर द्यायचा, राजनिष्ठा दाखवायची, परंतु जहाजावर चढताच परका! ब्रिटिश ठरला असता तर त्याने ब्रिटिश दर मागितला असता. १८४९ साली नौकानयन कायदे रद्द झाले. मालकांना हवे तितके भारतीय घेण्याची मुभा मिळाली, दर मात्र वाढला नाही. १८९४ च्या जहाजवाहतूक कायद्याने या खलाशांसाठी निराळा करार कायम ठेवला. त्या करारान्वये त्याला भारतातच परत आणून सोडण्याची अट घालता येई. म्हणजे इंग्लंडच्या बंदरात उतरून आपले कष्ट चढ्या दराने विकण्याची वाट बंद. झोपायच्या जागेतही भेद होता. ब्रिटिश खलाशाला किमान ७२ घनफूट आणि भारतीयाला ३६.

या साऱ्यामागे केवळ पैसा नव्हता. १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी भारतीय खलाशांना इंग्लंडमध्ये येऊ देण्यास विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हे लोक लंडनमध्ये जे पाहतात त्याने गोऱ्या माणसाविषयीचा त्यांच्या मनातील आदर नष्ट होतो आणि परत जाऊन ते इतरांना तेच सांगतात. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना हा प्रसंग आठवेल. राज्य ज्या धाकावर उभे होते, तो धाक एका गरीब खलाशाच्या डोळ्यांनी विरघळत होता!

जहाज स्वदेशी झाले, पुढे?

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांचे हे धाडस. तो दिवस आपण राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतो आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु एक गोष्ट नम्रपणे सांगतो. मालक स्वदेशी झाल्याने खलाशाला आपोआप न्याय मिळत नाही. दलाल हटावा लागतो, हिशोब खलाशाच्या हाती यावा लागतो. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हाही ब्रिटिश जहाजांवर भारतीयाचे वेतन गोऱ्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचे होते. तेव्हा या खलाशांनी परक्या बंदरांत संप केले, तुरुंग भोगला आणि वाढ पदरात पाडून घेतली.

हे आज वरूडमध्ये का सांगतो? कारण घाटसारंग मेलेला नाही. माझ्या परिचयातील एका संत्राबागाइतदाराने मुलाला ‘जहाजावर लावून देतो’ म्हणणाऱ्या एका दलालाला बागेचा इसार आला तसा उचलून दिला. मुलगा आठ महिने मुंबईत खोलीभाडे भरत बसला आणि हात हलवीत परत आला. मित्रहो, सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली स्वीकारला आहे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तो मागून पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पैसे मागितले गेले, तर तेथूनच परत फिरा.

आपली मुले समुद्रावर जावीत, जरूर जावीत. मात्र जहाजावर चढण्यापूर्वी करारनामा त्यांनी स्वतः वाचलेला असावा. वऱ्हाडचा कापूस ज्याने वाहून नेला, त्या खलाशाला तेवढे कधी करू दिले गेले नाही.