टाळ्यांचा हिशेब वहीत नसतो

आम्ही तुमच्या बचत गटांच्या सहयोगिनी. एरवी आम्ही हप्ता, व्याज आणि बैठकीची हजेरी यावर बोलतो. आज एका गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहोत. पण शेवटी गाडी वहीवर येणारच, हे तुम्ही ओळखलं असेल!

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. नाव नारायणगावचं असलं तरी जन्म आपल्याच जिल्ह्यातला, १९३५ साली पंढरपूरचा. विठोबाच्या गावात जन्मली म्हणून विठा. आजोबा नारायण खुडे यांचा फड होता. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. घरातच ढोलकी आणि घुंगरू, त्यामुळे पोरीला वेगळी शाळा लागली नाही.

तमाशातलं गाणं म्हणजे सगळं समोरासमोर. आधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी, तुणतुणं आणि झांज साथीला. मग गण, गवळण, बतावणी आणि रात्र चढली की वग. गाणारी बाई एक ओळ टाकते, मागचे सुरते ती झेलतात, ढोलकीवाला तिच्या पायाकडे बघत ठेका वाढवतो. लोक शिट्ट्या मारतात, फर्माईश करतात, कधी अंगावर येईल असंही बोलतात. त्या सगळ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. चुकलं तर पुसून पुन्हा करायची सोय नाही. विठाबाई या खेळात अशा पक्क्या होत्या की त्यांच्या नावावर लोक बैलगाड्या जुंपून यायचे. १९६२ च्या युद्धात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांसाठी खेळ केले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला.

त्यांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना थांबवलं, असं सांगतात.

ही गोष्ट भाषणात सांगितली की टाळ्या पडतात. काय ती हिंमत, म्हणतात. हिंमत होतीच. पण आम्हाला प्रश्न पडतो, त्या बाईला परत बोर्डावर का यावं लागलं?

याचं उत्तर फडाच्या व्यवहारात आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि गावोगावच्या यात्रा संपेपर्यंत फिरतो. पावसाळ्यात चार महिने काम नाही. त्या दिवसांत घर चालावं म्हणून कलाकार मालकाकडून उचल घेतात, आणि ती द्यायला मालक सावकाराकडून कर्ज काढतो. खेळ बंद पडला तर तिकिटाचे पैसे परत द्यायचे, कलाकारांचं जेवण थांबत नाही, व्याजही थांबत नाही. फड ज्या बाईच्या नावावर चालतो, तिला रजा कोण देणार? नोकरीतल्या बाईला रजेचा अर्ज कुणाकडे करायचा हे तरी ठाऊक असतं. विठाबाईंच्या मागे मात्र अख्ख्या फडाची पोटं होती.

आपल्या गटातल्या विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. तापात फणफणत काम करणाऱ्या बाईला आपणही 'खमकी आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

पुढे वय झालं, आजारपण आलं. एवढ्या मोठ्या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. दवाखान्याच्या बिलासाठी लोकांनी मदत गोळा केली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मुलगी मंगला बनसोडे यांनी तमाशा पुढे नेला.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत रूथ ब्राऊन नावाची कृष्णवर्णीय गायिका होती. तिकडच्या 'ऱ्हिदम अँड ब्लूज' या ठेकेदार गाण्याची ती पहिल्या फळीतली. १९५० च्या दशकात तिच्या रेकॉर्ड इतक्या खपल्या की अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी रूथनं उभी केली, असं लोक म्हणत. पण पुढे तिला पोरं वाढवायला घरकाम करावं लागलं, शाळेची बस चालवावी लागली. कंपनीच्या वहीत तिच्या नावावर खर्चच खर्च दाखवलेला. ती वकील घेऊन भांडली आणि आपल्या गाण्याचे पैसे मिळवले. त्याच लढ्यातून १९८८ साली जुन्या कलाकारांच्या मदतीसाठी एक संस्था उभी राहिली. हक्काचा पैसा आणि लोकांनी काढलेली वर्गणी, यातला फरक इथे दिसतो.

म्हणून आमचं सांगणं असं. आपल्या जिल्ह्यात कलेवर पोट भरणाऱ्या बाया कमी नाहीत. मोडनिंबला कला केंद्र आहे, अकलूजची लावणी स्पर्धा राज्यात गाजलेली आहे. तरीही आईनं फडात काम केलं हे सांगायला आमच्या गटातली एखादी मैत्रीण कचरते. तिला कचरू देऊ नका. अशा बाईला गटात घ्या. तिचं बँकेत स्वतःचं खातं असू द्या. सुपारी ठरली की रक्कम, तारीख आणि उचल कागदावर लिहून घ्यायला लावा. हंगामात थोडी बचत जास्त करायची आणि पावसाळ्यात गटानं कर्ज द्यायचं, असं ठरवलं तर सावकाराची पायरी चढावी लागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि १५ वर्षं कला केलेल्या कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. पंचायत समितीत चौकशी करा. पुरावा लागतो, म्हणून जुने फोटो, जाहिराती, प्रशस्तिपत्रं चुलीत घालू नका, पिशवीत जपून ठेवा.

यात्रेत तमाशा बघायला जाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण ढोलकी थांबल्यावर त्या बाईच्या हातात काय राहतं, हेही एकदा विचारा.

येत्या बैठकीत हा विषय घेऊ. वह्या आणायला विसरू नका.