खांदे आणि खुर्ची

बेंगळुरूमध्ये 1956 साली पूर्ण झालेल्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर एक वचन कोरलेले आहे. ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ असा त्याचा अर्थ. सरकारी नोकरीत वीसेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते वाचून बरे वाटते. पण कोणत्याही कचेरीत दुपारी चारच्या सुमारास डोकावून पाहावे, म्हणजे या देवापुढे माणसे किती वाकतात याचाही प्रत्यय येतो. मान पुढे झुकलेली, खांदे कानांकडे चढलेले, पाठीला पोक आणि छाती मिटलेली. पूर्वी ही मूर्ती फायलीवर वाकलेली असे. आता ती संगणकापुढे बसते, आणि घरी परतताना बसमध्ये मोबाइलवर वाकते. साधन बदलले, मुद्रा तीच राहिली.

या शहरात एक वाक्य घटकेघटकेला कानी पडते : ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’, म्हणजे जरा सांभाळून घ्या. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो या वाक्याच्या आधारावर. आपले शरीरही असेच सांभाळून घेत असते. छातीचे स्नायू छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघतात. मोठा स्नायू दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो, तर त्याखालचा लहान स्नायू खांद्याच्या पात्याला, ज्याला आपण फरा म्हणतो, त्याला पुढे ओढून धरतो. दिवसाचे आठ-दहा तास हात पुढे ठेवून बसणाऱ्याचे हे स्नायू आखूड राहण्याची सवय करून घेतात. उलट पाठीकडचे, फऱ्यांना मागे धरून ठेवणारे स्नायू सतत ताणलेले राहून थकतात. म्हणून दुखते पाठ आणि मान, पण आखडलेली असते छाती. पाठ चोळून तात्पुरता आराम वाटतो आणि दुखणे पुन्हा येते, त्याचे एक कारण हेच. बरगड्यांना फुलायला जागा कमी पडली की श्वासही वरवरचा होतो.

ही ठेवण बदलू शकते का? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक उदाहरण बेंगळुरू आणि पुणे या दोन्ही शहरांना जवळचे आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म 1918 साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, कोलार जिल्ह्यातील बेल्लूर या गावी झाला. बालपणाचा काही काळ त्यांनी बेंगळुरूमध्ये काढला. हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी तो मुलगा इतका खंगला होता की हातापायांच्या काड्या आणि खाली लोंबणारे डोके असे त्याचे रूप होते. म्हैसूरला आपले मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे त्यांनी योगाचे धडे घेतले, 1937 साली ते पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. 2014 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन 1952 साली मुंबईत त्यांना भेटले. हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य धरून आयुष्य काढणाऱ्या या कलावंताच्या शरीराला त्यांच्या शिकवणीने आराम पडला, आणि मेन्युहिन यांनी त्यांना आपले व्हायोलिनचे उत्तम शिक्षक मानले. अय्यंगारांचा विशेष असा की खुर्ची, भिंत, दोर, पट्टा अशा साध्या वस्तू त्यांनी व्यायामाच्या कामी लावल्या, आणि अशक्त, आजारी माणसालाही वाट मोकळी करून दिली.

त्यांची अवघड आसने आपल्याला साधोत वा न साधोत, वस्तूंचा हा धडा मात्र कोणीही गिरवावा. पहिली वस्तू दाराची चौकट. उंबरठ्यावर उभे राहू नये असे आपल्या आज्या सांगत. अर्ध्या मिनिटापुरती त्यांची क्षमा मागू. कोपरे खांद्यांच्या किंचित खाली ठेवून दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत चौकटीच्या दोन बाजूंना टेकवा. एक पाय पुढे टाकून अंगाचा भार हळूच पुढे न्या. छातीवर ताण जाणवला की तिथेच थांबा. दुसरी वस्तू पंचा. तो पाठीमागे दोन्ही हातांत धरून कोपरे सरळ करा, फरे एकमेकांजवळ आणा आणि हात जमेल तितकेच वर उचला. कंबरेतून मागे वाकायचे नाही. तिसरी वस्तू घडी करून गुंडाळलेली चादर. ती पाठीच्या कण्याखाली उभी ठेवून उताणे निजा, डोक्याला आधार द्या, हात दोन्ही बाजूंना पसरून तळवे वर ठेवा आणि दोन-तीन मिनिटे शांतपणे श्वास घ्या. चौथी भिंत. तिला पाठ टेकवून उभे राहा आणि दुमडलेले हात भिंतीलगत सावकाश वर-खाली न्या. पहिल्या तिन्हींनी छाती सैल होते. या चौथ्याने पाठीचे थकलेले स्नायू पुन्हा कामाला लागतात. यांतले एक सोडून दुसरे करण्यात अर्थ नाही.

नियम थोडे आहेत. चौकटीचा आणि पंचाचा ताण वीस ते तीस सेकंद धरावा आणि दोन-तीन वेळा करावा. हिसका देऊ नये, श्वास कोंडू नये. ताण जाणवला पाहिजे, पण दुखता कामा नये. थोडे चालून आल्यावर किंवा स्नानानंतर केल्यास अंग अधिक ऐकते. सकाळच्या दहा मिनिटांनी दिवसभराचे वाकणे फिटत नाही, म्हणून अर्ध्या तासाने एकदा खुर्ची सोडून उभे राहणे हाही या व्यायामाचाच भाग समजावा.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. छातीतली प्रत्येक कळ स्नायूंची नसते. छातीवर दडपण येणे, धाप लागणे, घाम फुटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, यांपैकी काहीही झाले तर चौकटीपाशी उभे न राहता तडक रुग्णालय गाठावे. ‘काल जास्त बसलो, म्हणून आखडले असेल’ या एका समजुतीने मोलाचे तास वाया जातात. ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, ज्यांचे हाड मोडले आहे किंवा ठिसूळ आहे, ज्यांच्या हाताला मुंग्या येतात, त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेहींमध्ये खांदा गोठण्याचा विकार अधिक आढळतो; हात वर जाईनासा झाला, तर त्यांनी तो बळाने ओढू नये.

व्यायाम म्हटला की आपल्याकडे तालीम, घाम आणि पहाट यांची आठवण होते आणि बहुतेकांचा संकल्प तिथेच विरतो. इथे यांतले काहीच लागत नाही. ज्या घरात दार आहे, भिंत आहे, एक पंचा आणि एक चादर आहे, त्या घरात या व्यायामाची सगळी सामग्री आहे. राहिला प्रश्न दहा मिनिटांचा. दिवसभर देवाचे काम करणाऱ्या देहाचा तेवढा हक्क मान्य करायला कोणाची मंजुरी लागू नये.