शेवटचा उपचार की उरलेले दिवस?

केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाला की घरात कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "बेंगळुरूला नवी इम्युनोथेरपी आलीय म्हणे!" आलीय खरी. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करायचा, म्हणजे त्या कर्करोगाची पेशी ओळखतात, आणि सलाइनसारख्या परत शरीरात सोडायच्या. हीच कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या 'नेक्सकार19'ला ऑक्टोबर 2023मध्ये मान्यता मिळाली; बेंगळुरूच्या इम्युनीलची 'कार्टेमी' 2025मध्ये आली. पण दोन्ही बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी. फुप्फुसातल्या किंवा जठरातल्या गाठीसाठी नव्हेत. खर्च लाखांच्या घरात. तीव्र ताप, रक्तदाब कोसळणं हे धोके वेगळेच.

एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हायचं असेल, तर संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. सही केल्यावरही केव्हाही माघार घेता येते. चाचणीतल्या औषधाचेच पैसे कुणी मागितले, तर तिथं पाणी मुरतंय असं खुशाल समजा.

आणि आता उपचार नकोत म्हणणाऱ्या आजोबांना "धीर सोडला" म्हणून बोल लावणं मला पटत नाही. बेंगळुरूचं 'करुणाश्रय' हे शुश्रूषागृह 1999पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करतंय: वेदनाशमन, जखमेची मलमपट्टी, घरच्यांशी बोलणं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, या उपचारानं किती महिने मिळतील आणि ते कसे जातील? उत्तर ऐकताना रुग्णाला मात्र खोलीबाहेर बसवू नका.