करांचा भार आणि हिशेबाची वही

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)





वर्षावासाच्या काळात विहारात धम्मप्रवचन व्हावे अशी आपली रीत आहे. तेव्हा कर, कर्ज आणि दिवाळखोरी असला रुक्ष विषय येथे कशाला, असे कोणास वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मते हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की राज्यात चोर-दरोडेखोरांचा उपद्रव आहे, अशा वेळी प्रजेवर नवा कर लादणे हा अधर्म ठरेल. फाशी आणि तुरुंग यांनीही उपद्रव मिटणार नाही. शेती करणाऱ्यास बियाणे द्या, व्यापार करणाऱ्यास भांडवल द्या, सेवकांना योग्य वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागतील, तिजोरीही भरेल आणि माणसे घराची दारे उघडी टाकून निर्धास्त राहतील. आजच्या भाषेत ज्याला आर्थिक विकास म्हणतात, त्याचाच हा विचार आहे. आधी माणूस उभा करा, मग कर मागा, हा त्याचा सारांश.

या विचाराच्या उलट वागले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ते अमेरिकेतील आहे. अमेरिका मुद्दाम निवडण्यास दोन कारणे आहेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. करशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक प्रा. सेलिग्मन हे त्यांचे गुरू. दुसरे कारण असे की तेथील कृष्णवर्णीय बांधवांचा लढा आपल्याला परका नाही. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, ते तिकडच्याच चळवळीवरून.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपला जिल्हा आणि आपली जिल्हा परिषद यांच्याशी तिचे बरेचसे साम्य आहे. रस्ते, तुरुंग, न्यायालयाच्या इमारती, गरिबांचे दवाखाने, काही ठिकाणी मैलापाण्याची भूमिगत गटारे, ही कामे काउंटीकडे असतात. कारभार लोकांनी निवडलेले सदस्य पाहतात आणि खर्च मुख्यतः स्थानिक करांतून भागतो.

अलाबामा राज्यातील जेफरसन काउंटी ही अशीच एक. बर्मिंगहॅम हे तिचे मुख्य शहर. १९६३ साली समान हक्कांसाठी निघालेल्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि पाण्याचे जोरदार फवारे मारले, तेच हे शहर. शहरातील बहुसंख्य वस्ती आज कृष्णवर्णीयांची आहे.

या काउंटीची गटारे जुनी झाली होती. मैलापाणी नद्यांत जात होते. १९९३ साली नागरिक न्यायालयात गेले आणि १९९६ साली काउंटीने गटारे दुरुस्त करण्याचे न्यायालयापुढे कबूल केले. येथपर्यंत सारे योग्यच होते. नदी स्वच्छ राहावी हे कोणास नको आहे?

पुढे मात्र कारभार बिघडला. काउंटीने या कामासाठी तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे कर्जरोखे काढले. त्यापैकी मोठ्या कर्जाचा स्थिर व्याजदर २००२ व २००३ च्या सुमारास बदलून तो बाजाराप्रमाणे वरखाली होणारा करण्यात आला. त्याला जोडून बड्या बँकांशी व्याजदराच्या अदलाबदलीचे गुंतागुंतीचे करार झाले. सामान्य माणसाला त्यातील अक्षरही कळले नसते. २००८ साली जगभर आर्थिक संकट आले, तेव्हा व्याज एकदम चढले आणि हप्ते भरणे काउंटीला अशक्य झाले.

मधल्या काळात मैलापाण्याची आकारणी तिपटीहून अधिक वाढली होती. ही आकारणी घरातील पाण्याच्या वापरावर होते. कर्जरोख्यांचा व्यवहार ज्या आजीबाईने कधी ऐकलाही नव्हता, तिच्या बिलात त्याचे व्याज चढत होते.

चौकश्या झाल्या. लोकप्रतिनिधी, कर्मचारी व कंत्राटदार मिळून वीसहून अधिक जण दोषी ठरले. काउंटीच्या मंडळाचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड यांच्यावर, कर्जरोख्यांचे काम मिळवून देण्याच्या बदल्यात दोन लाखांहून अधिक डॉलर किमतीची रोकड, कपडे व दागिने घेतल्याचा आरोप सिद्ध झाला. २०१० साली त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. जे. पी. मॉर्गन या बँकेने २००९ साली, आरोप मान्य वा अमान्य न करता, साडेसात कोटी डॉलर भरले आणि काउंटीकडून येणे असलेल्या चौसष्ट कोटींहून अधिक डॉलरवर पाणी सोडले.

तरीही नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. देणे होते चार अब्ज डॉलरहून अधिक. अमेरिकेच्या इतिहासात तोपर्यंत कोणत्याही स्थानिक स्वराज्य संस्थेचे एवढे मोठे दिवाळे निघाले नव्हते. पुढे २०१३ साली डेट्रॉइट शहराने तो विक्रम मोडला.

याची किंमत कोणी मोजली, हे विद्यार्थी मित्रांनी नीट लक्षात ठेवावे. शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून जावे लागले. गरिबांसाठी असलेल्या कूपर ग्रीन रुग्णालयात रुग्णांना दाखल करून घेणे २०१२ च्या अखेरीस बंद झाले. डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर पडली, पण त्यासाठी जी योजना मान्य झाली तिच्यात मैलापाण्याचा दर पहिली चार वर्षे अधिक वेगाने आणि त्यापुढे दरसाल ३.४९ टक्के वाढवण्याचे ठरले होते. म्हणजे ज्या मुलाचा जन्मही झाला नव्हता, त्याच्या नावावर देणे लिहून ठेवले गेले.

लँगफर्ड हे स्वतः कृष्णवर्णीय होते, गरिबीतून वर आलेले होते. विकासाची त्यांना हौसही मोठी होती. आसपासच्या गावांना एकत्र करून त्यांनी १९९८ साली व्हिजनलँड नावाचे करमणूक उद्यान उभारले. रोजगार येईल, भाग सुधारेल, अशी आशा होती. २००२ साली ते उद्यानही दिवाळखोरीत गेले. बंधू-भगिनींनो, आपला माणूस खुर्चीवर बसला की आपले काम संपले, असे आपण समजतो. खरे तर आपले काम तेव्हा सुरू होते. आपला म्हणून त्याचा अभिमान बाळगावा आणि आपला म्हणूनच त्याचा हिशेबही तपासावा.

आता करांकडे वळू. अलाबामात जमीन-मालमत्तेवरील कर साऱ्या देशात अगदी कमी गणला जातो. १९०१ चे त्या राज्याचे संविधान गोऱ्यांचे वर्चस्व टिकवण्याच्या उघड हेतूने लिहिले गेले होते. मालमत्ता कर वाढवण्याच्या वाटेत त्याने अडथळे घातले, १९७८ च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के केले. मोठ्या जमीनदारांना आणि जंगलमालकांना त्याचा लाभ झाला. पण तिजोरी तर भरलीच पाहिजे. मग विक्रीकर वाढला. बर्मिंगहॅममध्ये राज्य, काउंटी आणि शहर मिळून तो दहा टक्क्यांवर गेला. राज्याचा चार टक्के कर कित्येक वर्षे पीठ, दूध, अंडी यांवरही पूर्ण लागत होता. २०२३ साली कोठे तो कमी होऊ लागला. श्रीमंत आपल्या मिळकतीचा थोडासाच भाग अन्नावर खर्च करतो, गरीब फार मोठा. तेव्हा सर्वांना सारखा दिसणारा कर सर्वांना सारखा जाचत नाही.

कमी कर म्हणजे गरिबाचे कल्याण, ही समजूत म्हणूनच खोटी आहे. कर कोणावर कमी झाला आणि त्याची भरपाई कोणाकडून झाली, हे विचारले पाहिजे. बाबासाहेबांनी हेच विचारले होते. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की मिळकत नसेल तर आयकर द्यावा लागत नाही, पण शेतसारा मात्र छोट्यात छोट्या शेतकऱ्यालाही चुकत नाही, पीक येवो वा न येवो. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून वंदन करतो. सरकारी जमाखर्चाचे ते किती थोर पंडित होते, हे आपल्या मुलांना सांगायचे राहून जाते.

गावाच्या हाती सत्ता आली की सारे ठीक होईल, या कल्पनेलाही बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ठामपणे विरोध केला होता. गावात सत्ता कोणाच्या हाती असते, हे त्यांनी अनुभवले होते. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती अंमलात आली आणि पंचायतींत अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी राखीव जागा आल्या. दार उघडले आहे. आत जाऊन वही उघडणे आपल्या हाती आहे.

म्हणून काही गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो. आपली घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरावी. जो भरतो तो मान वर करून विचारू शकतो. ग्रामपंचायतीत नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही असते. आपल्या घराची आकारणी तिच्यात कशी केली आहे ते पाहावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती गेल्या वर्षी कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्जाची फी अवघी दहा रुपये. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत गावी गेल्यावर अंदाजपत्रकाची प्रत मागून ती विहारात सर्वांना वाचून दाखवावी. नवीन कर्ज, नवा प्रकल्प, नवी करवाढ यांपैकी काहीही पुढे आले तर पैसा कोण देणार आणि लाभ कोणाला होणार, एवढे दोन प्रश्न तरी विचारल्याशिवाय हात वर करू नये.

जेफरसन काउंटीतही सभा होत होत्या, कागद होते, मतदानही होत होते. पण करारांवर सह्या होत असताना ते कागद वाचणारा नागरिक तेथे नव्हता. प्रश्न विचारले गेले ते बिले आल्यावर. आपल्या वस्तीतील गटार, आपल्या मुलांची शाळा, आपल्या आयाबहिणींचा दवाखाना यांचे भवितव्य अशाच कागदांत लिहिले जात असते. तथागतांनी आपल्याला डोळसपणे पाहायला शिकवले, बाबासाहेबांनी शिकायला आणि संघटित व्हायला सांगितले. हिशेबाची वही वाचणे हा त्याच शिकवणुकीचा भाग आहे, असे आम्ही मानतो.



नमो बुद्धाय! जयभीम!